उतरव म्हणालीस तेव्हा

मंगल, तुझ्या अंगणात बसलेल्या बायका म्हणत होत्या, "अहेव गेली, सोनं झालं पोरीचं." एकीनं म्हटलं की दुसरी मान हलवायची आणि तिसरी परत तेच म्हणायची. मला राग आला. पन्नाशीसुद्धा न गाठलेली बाई भरल्या घरातून उठून गेली, यात सोनं कसलं? पण रागाच्या मागोमाग तुझा आवाज कानाशी आला. "किती नॅनोमीटरचं झालं, इचार की त्यांला." मला तिथं हसू फुटलं. पदर तोंडाला लावला, म्हणून बायकांना वाटलं मी रडतेय. तशी रडतही होतेच.

आपल्या दोघींच्या वाट्याला आलेलं सोनं तेवढंच होतं. इतके बारीक कण की ते सोन्यासारखे दिसतही नाहीत. पाण्यात असले की पाणी कुंकू कालवल्यासारखं लाल दिसतं. ते कण आपण एका खास प्लास्टिकच्या थरात मिसळायचो, आणि तो थर दोन काचांच्या मध्ये जेलीसोबत बसवायचो. हे प्लास्टिक वीज वाहून नेतं, आणि विजेचा दाब बदलला की रंग बदलतं. दाब उतरवला की फिकट पिवळं, मध्यावर हिरवं, वर नेला की गर्द निळं. कॉलेजच्या रसायनशास्त्र विभागाच्या मागच्या खोलीत, शिकवण्याचे तास संपले की, आपण वर्षानुवर्षं हेच केलं. लोकांना समजावून सांगताना माझी दमछाक व्हायची. दाजींना मात्र, म्हणजे तुझ्या नवऱ्याला, वाळूजच्या कंपनीतली पाळी संपवून आलेले असताना, दारात बूट काढता काढता एका वाक्यात कळलं होतं. "म्हंजी सरड्याचं काम हाय तुमचं." तू ते वाक्य पुढं विद्यार्थ्यांना पहिल्याच तासाला सांगायचीस, आणि श्रेय दाजींना द्यायचीस.

सोनं पहिल्यांदा आलं तेव्हाची गंमत आठवते का? केवढीशी बाटली, तळाशी चिमूटभर पिवळा क्षार, ज्यातून आपण ते कण काढायचो. पण कागदावर सोनं हा शब्द दिसला आणि ऑफिसातले भाऊसाहेब हटून बसले. मौल्यवान वस्तू आहे, प्राचार्यांच्या तिजोरीत ठेवावी लागेल. तिजोरी पश्चिमेच्या भिंतीला, एप्रिलमध्ये हात लावला तर चटका बसेल अशी, आणि आपल्या क्षाराला पाहिजे थंडावा. मी नियम, परिपत्रक, अर्ज असं काहीबाही बोलत होते. तू सरळ म्हणालीस, "भाऊसाहेब, ह्याच्यातून तुमच्या अंगठीचा कोपरा बी निघायचा नाय. फ्रिजात ठेवू द्या, वाटलं तर येऊन बघत जा." आणि ते खरंच येत राहिले. फ्रिज उघडायचे, बाटलीकडे बघायचे, आहे म्हणायचे आणि जायचे. परवा अंगणात तेही आले होते. माझ्यासमोर हात जोडून उभे राहिले.

आपल्या खोलीत दोनच हुकूम चालायचे. चढव आणि उतरव. पुस्तकातले भारदस्त शब्द आपण विद्यार्थ्यांसाठी राखून ठेवले होते. दोघीच असलो की चढव म्हणजे निळ्यावर ने, उतरव म्हणजे हिरव्यावर आण. एकदा भौतिकशास्त्राचे शेख सर आपल्या खोलीत स्टुलावर चढून ट्यूबलाइट बसवत होते. तू इकडे टेबलाशी ओरडलीस, "उतरव, उतरव, लवकर उतरव!" माझा हात तारेकडे जायच्या आत शेख सर ट्यूब काखेत धरून खाली. "मैं तो उतर गया मॅडम, अब क्या करू?" त्यानंतर कित्येक दिवस ते दारातून आत येताना विचारायचे, उतरायचं की चढायचं.

आणि तुझा तो नियम. घरी जायच्या आधी प्रत्येक फिल्म हिरव्यावर आणायची. निळ्यात सोडून जायचं नाही. यात शास्त्र होतंच. निळा ही त्या प्लास्टिकची सगळ्यात ताणलेली अवस्था. त्यात फार वेळ ठेवलं की ते आतून तुटत जातं, कडेनं तपकिरी पडतं, आणि मग किती चढवा-उतरवा, रंग बदलत नाही. हे मलाही माहीत होतं. पण मला ते माहीत होतं आणि तुला ते सहन होत नव्हतं, एवढा फरक होता. कुलूप लावून पार फाटकापर्यंत गेल्यावर तू मला परत फिरवलेलं आहेस. "थांब, कोपऱ्यातली उतरवली का आपण?" उतरवलेली असायची. तरी तू जाऊन बघायचीस.

मी एकदा वैतागून विचारलं, हे काय खूळ आहे? तेव्हा तू तुझ्या वडिलांचं, आबांचं सांगितलंस. करमाडच्या पुढं तुमचं गाव, पण आबा गावात असे किती दिवस असायचे? मेंढरांमागं फिरायचं, कुणाच्या तरी रानात उतरायचं. संध्याकाळी जाळीचं कुंपण, ज्याला तुम्ही वाघर म्हणता, ते ठोकायचं आणि सगळी मेंढरं आत घ्यायची. "मेंढरं वाघरीत गेल्याबिगर आबा भाकरीला हात लावत नव्हता. ताप असू दे, पाऊस असू दे. आम्ही पोरं उपाशी बोंबलायचो. आबा म्हणायचा, ती भायेर हायती अन् तुमाला घास कसा उतरंल?" तू हे हसत सांगितलंस. मी गंगापूरकडची. आमच्याकडं उसाला पाणी सोडायचं आणि घरी येऊन ताणून द्यायची. पाणी आपलं जातं सरीतून. तू म्हणालीस, "म्हून तुला सोडून जायला जमतं. तुझ्याकडं ऊस व्हता." मला ते लागलं होतं जरासं, पण खरं होतं.

याच नियमापायी आपलं भांडण मिटलं नाही.

भांडणाची सुरुवात लाईट गेल्यामुळं झाली. मे महिना, दुपार, पंखा बंद, आपण दोघी वहीनं वारा घेत बसलेलो. टेबलावर दोन फिल्म होत्या, एक साधी आणि एक सोन्याची, दोन्ही निळ्यावर चढवलेल्या. वीज गेली तसं दाब देणारं मशीन बंद पडलं, तारांत काही उरलं नाही. आपण वाट बघत राहिलो. बऱ्याच वेळानं तू वाकून बघितलंस आणि म्हणालीस, "नंदे, हिला काय झालं बघ." साधी फिल्म फिकी पडायला लागली होती. सोन्याची होती तशी होती. वीज नाही, काही नाही, आणि रंग जागच्या जागी. तू त्या काचेकडं अशी बघत होतीस, जणू कुणी अनपेक्षितपणे तुझी बाजू घेतली असावी. संध्याकाळ झाली तरी लाईट आली नाही. तू निळ्यात सोडून घरी जाणार नव्हतीस, म्हणून भिंतीवरच्या घड्याळाचा सेल काढलास, तारांची टोकं उलटी करून त्याला लावलीस, आणि दोन्ही फिल्म हिरव्यावर आणल्यास. सेल परत घातलास, पण घड्याळ लावलं नाहीस. तेव्हापासून आपल्या खोलीतली वेळ कुणीच खरी धरत नाही.

तुझं म्हणणं, सोनं रंग धरून ठेवतं. माझं म्हणणं, असं होणारच नाही. सोनं तर वीज पटकन आत जाऊ देतं. ज्या दारानं पटकन आत येतं, त्या दारानं पटकन बाहेरही जाणार. उलट सोन्याची फिल्म आधी उतरायला पाहिजे, लाईट गेली त्या दिवशी काहीतरी चुकलं असेल, जेली सगळीकडं एकसारखी पसरली नसेल. तू माझं सगळं ऐकून घेतलंस आणि म्हणालीस, "दार उघडं असलं म्हून घरातलं माणूस निघूनच जातं व्हय?" मी म्हटलं, हे शास्त्र नाही. तू म्हणालीस, "मग तुझं दार तरी कुठं शास्त्र हाय? दार तूच काढलंस."

आपला शोधनिबंध त्यावर अडला. बाकी सगळं लिहून तयार होतं. आकृत्या, मापं, आभार, सगळं. अडलं ते शेवटच्या भागातल्या एका वाक्यावर. सोन्याच्या कणांमुळे वीज काढून घेतल्यावरही रंग टिकून राहतो. तू ते लिहायचीस, मी खोडायचे. तू परत लिहायचीस. मी म्हणायचे, सिद्ध कर. दोन फिल्म निळ्यावर ने, तारा काढ, आणि सोड चांगली दोन-तीन दिवस. मग बघू कोण टिकतं. आणि तू दर वेळी एकच बोलायचीस. "नाय. जीव जातो तिचा." अगं, एक फिल्म गेली तर गेली, दुसरी करू. "करू की. पण हिला कामून मारायचं?" मग आपण सकाळी चढवायचो आणि संध्याकाळी उतरवायचो. तेवढ्या वेळात दोन्ही फिल्ममध्ये फरक पडायचा, पण इतकाच की तुला पटावा आणि मला पटू नये. स्वतःचं म्हणणं सिद्ध करायला जे करावं लागलं असतं, तेच तुझ्या हातून होत नव्हतं. मला याचा संताप यायचा. आज सांगते, मला त्याचं अप्रूपही होतं. माझ्या ओळखीत दुसरं कुणी असं नाही.

हे तुला सांगायचं राहिलं. आणखी बरंच राहिलं. माझी आई गेली तेव्हा तू माझ्यापाशी येऊन काही बोलली नाहीस. सगळे बोलले, तू नाही. मी मनात धरलं होतं थोडं. पुढच्या आठवड्यापासून तुझ्या डब्यात दोन भाकरी जास्त यायला लागल्या. मी घरून पोळी आणते म्हटलं तरी त्या येतच राहिल्या, आणि नंतर कधी बंदच झाल्या नाहीत. बाजरीची भाकरी, सोबत ठेचा. त्या ठेच्यात मीठ जास्त असायचं, मंगल. एकदा तरी सांगायला हवं होतं. आता माझा डबा मलाच अळणी लागतो.

तुझ्या स्वयंपाकघराची खिडकी पश्चिमेला. उन्हाळ्यात तू तिच्यावर ओलं पोतं टांगायचीस, तरी चुलीपुढं उभं राहवत नाही म्हणायचीस. आपली काच तयार झाली की पहिली इथं बसवायची, असं तुझं ठरलेलं. दुपारी ऊन अडवायला निळी, संध्याकाळी हिरवी. आपल्या फिल्म जेमतेम पोस्टाच्या तिकिटाएवढ्या होत्या, तरी तू खिडकीचं माप घेऊन आली होतीस. मी हसले होते. तू म्हणालीस, "हस. माप तर घेऊन ठिवलं." परवा मी तुझ्या स्वयंपाकघरात चहा करत होते. पोतं तिथंच होतं, वाळून कडक झालेलं. मी ते ओलं केलं आणि परत टांगलं.

आता तो दिवस. तो मला थोडक्यात सांगायचाय.

सकाळी तू दोन्ही फिल्म चढवल्यास. साधी टेबलावर ठेवलीस आणि सोन्याची शेख सरांकडून मागून आणलेल्या प्रकाश मोजायच्या यंत्रात. रंग किती टिकतोय त्याची रेघ कॉम्प्युटर काढायला लागला. तू तारा काढल्यास आणि म्हणालीस, "आज संध्याकाळपर्यंत तुला पटवते का नाय बघ." मग पाणी प्यालीस. मग म्हणालीस, पित्त झालंय, रातची खिचडी बाधली. मग खुर्चीवर बसलीस, आणि मी तुझ्याकडं बघितलं तेव्हा तुझा चेहरा घामानं भिजलेला होता. शेख सरांनी गाडी काढली. मागच्या सीटवर तुझं डोकं माझ्या खांद्यावर होतं.

सिग्नलला गाडी थांबली तेव्हा तू डोळे उघडलेस. म्हणालीस, "नंदे, उतरव."

मला वाटलं तुला गाडीत कोंडल्यासारखं होतंय, खाली उतरायचंय. मी म्हटलं, "इथं नाही गं उतरवत. दवाखाना आलाच." तू मान हलवलीस, नाही म्हणून. "उतरव की गं." शेख सर पुढून म्हणाले, "उतरना नै मॅडम, बस पोंच गये." तेव्हा तू माझ्याकडं बघितलंस. पहिल्या वर्षाच्या मुलीनं पिपेट उलटी धरली की तू जशी बघायचीस, अगदी तशी. कीव नाही, राग नाही, हिला आता परत पहिल्यापासून सांगावं लागणार, असं. आणि मग डोळे मिटलेस. पुढचं तुला माहीत नाही. ते तसंच राहू दे.

दुसऱ्या दिवशी बायकांनी तुला हिरवं नेसवलं. हिरवं लुगडं, हिरवी चोळी, हिरवा चुडा. चुडा भरताना तुझा हात मी धरला होता. बोटांच्या टोकांवर आपल्या रसायनांचे पिवळट डाग होते. एक म्हातारी ओल्या फडक्यानं ते पुसायला लागली. मी म्हटलं, ते निघायचे नाहीत, राहू द्या. तिनं राहू दिले.

आबा भिंतीशी घोंगडीवर बसले होते. रडत नव्हते. माणसं येऊन बसत होती, उठत होती, त्यांचं लक्ष नव्हतं. मला बघितलं आणि हातानं जवळ बोलावलं. मी जाऊन बसले. मग हळूच विचारलं, "पोरी, तितलं समदं जाग्यावर लावून आली व्हती का गं ती?"

मी म्हटलं, "व्हय आबा. समदं लावून आली व्हती."

"मंग बरं," म्हणाले आणि डोळे मिटले.

आणि तेव्हा मला कळलं, मंगल. तू गाडीत काय म्हणत होतीस ते मला तेव्हा कळलं. इतकी वर्षं रोज ऐकलेला शब्द, दिवसातून दहादा ऐकलेला, आणि ज्या दिवशी कळायला पाहिजे होता त्या दिवशी मी त्याचा भलताच अर्थ लावला. शेख सरांनीही तोच लावला, पण त्यांचं मी समजू शकते, ते स्टुलावरून उतरणारेच. मी कशी चुकले? तुझ्या छातीत काय चाललं होतं देव जाणे, आणि तुझा जीव त्या दोन काचांत अडकला होता. मी आबांना हो म्हणून बसले होते आणि तिकडं कुलपाआड दोन्ही फिल्म निळ्यात होत्या.

लगेच उठून जाता येईना. दाजी एकटे पडले होते. वाळूजची त्यांच्या कंपनीतली माणसं गटागटानं येत होती आणि दाजी प्रत्येकाला पहिल्यापासून सगळं सांगत होते. तिसऱ्याचा विधी झाला आणि मी तिथूनच कॉलेजात आले. शेख सरांना फोन केला होता, ते व्हरांड्यात वाट बघत उभे होते. कुलूप मी उघडलं. खोलीत तुझा पाण्याचा ग्लास तसाच होता.

साधी फिल्म टेबलावर होती. ती हिरवी होऊन बसली होती, आपली आपण. निळ्याचा मागमूस नव्हता. मग मी यंत्राचं झाकण उघडलं. सोन्याची फिल्म निळी होती. अंधुक नाही, हिरवट नाही, चांगली निळी, तू ठेवलीस तशी. कॉम्प्युटर कुणी बंद केला नव्हता. सुदैवानं मधल्या दिवसांत लाईटही गेली नव्हती. पडद्यावर रेघ चालू होती. इतक्या वेळात ती जराशी, अगदी जराशी खाली झुकली होती.

शेख सर पडद्यासमोर उभे राहिले. चष्मा काढला, पुसला, परत लावला. "मंगल मॅडम सच बोल रे थे," म्हणाले.

मी खुर्चीवर बसले. तुझ्याच. मला आनंद झाला, हे लिहायला लाज वाटत नाही. खरंच झाला, आधी तोच झाला. मी हरले होते आणि तू इतकी ढळढळीत जिंकली होतीस की मला कुणाला तरी हाक मारून सांगावंसं वाटलं. हाक मारायला तोंड उघडलं, आणि कुणाला मारायची ते आठवलं.

शेख सरांनी विचार केला आणि म्हणाले, "अब इसको हाथ मत लगाओ मॅडम. रहने दो ऐसाच. देखेंगे कित्ते दिन टिकता. बाद में बनानेवाले हाथ नै मिलते." ते बरोबर बोलत होते. शास्त्राच्या हिशेबानं हेच करायला पाहिजे होतं. नुसतं टिकतं म्हणून भागत नाही, कुठवर टिकतं ते सांगावं लागतं. रेघ चालू होती, काहीही करायचं नव्हतं, फक्त झाकण लावून निघून जायचं होतं. मी आयुष्यभर तुझ्याकडं हेच मागत आले होते. सोडून जाऊ दे. आणि सोडून जायला मला जमतं, हे तूच म्हणाली होतीस.

मी झाकणावर हात ठेवून उभी राहिले. खिडकीतून ऊन आत आलं होतं, पिवळं, उतरतीचं. व्हरांड्यात शिपाई दारं ओढून घेत होता. रोज याच वेळी तू पर्स काखेत मारून म्हणायचीस, चल. मला आबांचं "मंग बरं" आठवलं. तुला बायकांनी हिरवं नेसवून पाठवलं होतं. त्यांना आपल्या नियमाची गंधवार्ता नव्हती, तरी त्यांनी तो पाळला. मलाच तेवढा पाळायचा राहिला होता.

मशीन सुरू केलं नाही. स्टूल ओढलं, भिंतीवरच्या घड्याळाचा सेल काढला. शेख सरांनी स्टूल धरून ठेवलं. तारांची टोकं तू लावायचीस तशी उलटी लावली. निळा लगेच हलला नाही. मग कडेनं मोकळा होत गेला, मोरपंखी झाला, आणि मग हिरवा. एका बाजूची बारीक पट्टी तेवढी तपकिरी राहिली. ती उतरली नाही. दोनदा करून बघितलं, नाहीच. जीव जातो तिचा, हेही तुझं खरं होतं. म्हणजे मी दोन्हीकडून हरले. पडद्यावरची रेघ एकदम खाली आली आणि मी कॉम्प्युटर बंद केला. सेल घड्याळात घातला. वेळ लावली नाही.

त्या रात्री तुझं वाक्य मी निबंधात घातलं. तू लिहिलं होतंस तसंच, एक शब्द न बदलता. तुझं नाव पहिलं आहे, ते पहिलंच राहील. एका फिल्मवरून असं वाक्य लिहिता येत नाही, ते मला कळतं. नव्या फिल्म करीन. त्यांना निळ्यात सोडीन, दिवसचे दिवस, आणि मापं घेईन. ते मी करू शकते. त्या माझ्या असतील. ही तुझी होती.

दाजींना सांगितलं, तुमची बायको म्हणत होती तेच खरं निघालं. ते म्हणाले, "ती घरात बी असंच करायची." पुढच्या रविवारी करमाडकडं जाऊन आबांनाही भेटून येणार आहे. त्यांना काही सांगायचं नाही. त्यांना आधीच सांगून झालंय, आणि आता ते खरं आहे.

निबंध पाठवला की तपासणारे त्या आकृतीवर बोट ठेवतील, हे मला आत्ताच दिसतंय. इतकी सरळ चाललेली रेघ मध्येच तुटते कशी, रंग अजून टिकत असताना मोजणं का थांबवलं, असं विचारतील. रीतसर उत्तर द्यावं लागेल. मी बराच विचार केला, मंगल, आणि मला एकच उत्तर सुचतंय. घरी जायची वेळ झाली होती.